शब्दन् शब्द

पडद्यावरचा गेंडा गाऊ लागला आणि चष्मेवाल्याच्या हातातला लाह्यांचा पुडा आडवा झाला.

"हा गातोय?" त्याने बायकोच्या कानाशी लागून विचारलं.

"गातोय," बायको म्हणाली. तिचाही चेहरा उतरलेला होता. "आणि कंबरही हलवतोय."

वास्तविक सुरुवात झकास झाली होती. दोन वर्षं घरी उशाशी पुस्तकात पडून असलेला वीतभर गेंडा पडद्यावर दुमजली घराएवढा होऊन उभा राहिला, तेव्हा चष्मेवाल्याच्या अंगावर सरसरून काटा आला होता. त्या कातडीच्या घड्या, शिंगावरचा तो टवका, शिंगाला अडकवलेली ती निळी बादली! आपल्या घरचंच कुणीतरी मोठ्या पदाला चढावं, तसा त्याचा ऊर भरून आला. त्याने वाकून लेकीकडे पाहिलं. मुंगी, म्हणजे त्याची सहा वर्षांची मुलगी, तोंडाचा आ करून बसली होती. आणि नेमकं तेव्हाच त्या गेंड्याने गळा साफ केला, दोन पाय मागे घेतले आणि गायनस्पर्धेला निघाल्याचं चालीवर जाहीर केलं.

पुढचा दीड तास चष्मेवाल्याने दात-ओठ खात काढला. 'गेंडा निघाला' हे पुस्तक त्याला तोंडपाठ होतं. बायको दवाखान्यात परिचारिका. तिची रात्रपाळी असली की मुंगीला पुस्तक वाचून दाखवून झोपवायचं काम त्याचं, आणि दिवसपाळी असली की तिचं. इतक्या वेळा वाचलेल्या पुस्तकाची अशी वाट लावलेली बघून कुठल्या बापाचं डोकं ठिकाणावर राहील? पण रागाच्याही खाली एक भीती होती. आज घरी गेल्यावर पोरगी गाणारा गेंडा मागणार. आपल्याला तर साधं बडबडगीतही सुरात येत नाही. म्हणजे आपल्या गेंड्याची शेवटची रात्र कालच होऊन गेली.

खेळ सुटला तसा तो मुंगीचं बोट धरून तडक बाहेरच्या दालनात आला. तिथे टाय लावलेला मॅनेजर दाराशी उभा राहून सगळ्यांना हसून निरोप देत होता.

"ही पाटी तुमचीच ना?" चष्मेवाल्याने भिंतीवरच्या जाहिरातीकडे बोट दाखवलं. "वाचा. मोठ्याने वाचा."

चष्म्याच्या दुकानात लोकांना अक्षरं वाचायला लावायची त्याची सवयच होती. मॅनेजरने निमूटपणे वाचलं, "'लाडक्या पुस्तकाशी शब्दन् शब्द प्रामाणिक.'"

"मग चष्मा कुठाय?"

"कुणाचा, साहेब?"

"गेंड्याचा! अहो, अख्खं पुस्तक त्या चष्म्यावर आहे. गेंड्याला लांबचं दिसत नसतं, म्हणून तो नंबर काढायला निघतो. बादलीत काचा धुवायचं पाणी असतं. तुम्ही पुस्तक उघडून तरी बघितलंत का?"

आजूबाजूचे पाच-पंचवीस आईबाप थांबले. कुणीतरी "बरोबर आहे, पार वाटोळं केलंय" म्हणालं. चष्मेवाल्याला चेव चढणार, एवढ्यात बायकोने त्याची बाही ओढली.

"अरे, कसला चष्मा? लोकांत काहीतरीच काय सांगतोस? त्याच्या शिंगापाशी गळू झालेलं असतं. बादलीत औषधाचं पाणी असतं."

"गळू? कुठल्या पानावर आहे गळू?"

"चौथ्या! आणि तुझा चष्मा कुठल्या पानावर आहे?"

"चौथ्याच!"

"माफ करा हं, ताई," जुळ्या मुलांना दोन्ही काखेत मारून उभा असलेला एक दांडगा माणूस मध्ये पडला. तो नळदुरुस्तीवाला होता. "चौथ्या पानावर नळ गळतो. त्याच्याखालीच तर बादली लावायची असते."

"काहीतरीच तुमचं!" एक शिक्षिकाबाई पुढे सरसावल्या. "तो शाळेत उशिरा आलेला असतो. बादली त्याला शिक्षा म्हणून धरायला दिलेली आहे. मी रोज वाचते, मला सांगू नका."

मग जो गलका झाला, त्याला तोड नाही. चष्मेवाले, गळूवाले, नळवाले आणि शाळावाले असे चार तट पडले. जो तो आपल्याच पोरांना साक्षीला उभं करू लागला, आणि पोरं दुसऱ्याच्या हातातल्या लाह्यांकडे बघत राहिली. सिनेमा वाईट आहे एवढ्या एकाच गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं.

"तुम्ही दिग्दर्शकाला फोन लावा," चष्मेवाला गरजला. "आत्ताच्या आत्ता! पण आधी पुस्तक आणा. होऊन जाऊ दे दूध का दूध!"

कोपऱ्यात पुस्तकांची विक्री चालली होती. मॅनेजरने तिथली एक कोरी प्रत आणली आणि सगळ्यांच्या देखत चौथं पान उघडलं.

पानावर गेंडा होता. शिंगाला निळी बादली होती. बाकी पान रिकामं होतं.

"पाचवं काढा," शिक्षिकाबाई म्हणाल्या. पाचवं काढलं. मग तिसरं, मग शेवटचं. सगळी डोकी पुस्तकावर वाकली. चष्मेवाल्याने स्वतःचा चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा लावला. दिवसभर दुसऱ्यांना 'खालची ओळ वाचा' म्हणणाऱ्या माणसाला ओळच सापडेना.

"साहेब," मॅनेजर अदबीने म्हणाला, "यात एकही शब्द नाहीये. कव्हरवर तेवढे दोन आहेत, 'गेंडा निघाला'. ते दोन्ही आम्ही घेतलेत."

चष्मेवाला त्या कोऱ्या पानांकडे बघतच राहिला. 'मला ती टेकडी जरा पुसून द्या हो' असं गेंडा म्हणतो, ते वाक्य त्याने या डोळ्यांनी वाचलं होतं! उजव्या पानावर, वरच्या बाजूला! शपथेवर सांगितलं असतं त्याने. मग ते आलं कुठून? आपल्यासारख्या रूक्ष माणसाच्या तोंडून दोन वर्षं हे कोण बोलत होतं? त्याला स्वतःचीच थोडी भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर अचंबाही वाटला.

मग त्याला एकदम मुंगीची आठवण झाली. 'खरंच असं लिहिलंय?' असं तिने कितीदा विचारलं होतं, आणि त्याने दरवेळी पानावर बोट टेकवून 'हे काय!' म्हटलं होतं. तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"मुंगे, हे बघ... ते पुस्तकातलं, म्हणजे त्याचं काय झालं..."

"मला माहितीये, बाबा."

"काय माहितीये?"

"त्यात काही लिहिलेलं नाहीये ते. मला वाचता येतं ना आता."

"अगं, मग बोलली का नाहीस?" आईही शेजारी खाली बसली.

मुंगीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "बोलले असते तर तुम्ही दोघं थांबला असतात."

आईने पदर नव्हता म्हणून ओढणी डोळ्यांना लावली. या एवढ्याशा डोक्यात एक चष्म्याचा आणि एक गळवाचा, असे दोन गेंडे सुखाने नांदत होते, आणि एकाचा पत्ता दुसऱ्याच्या मालकाला लागला नव्हता! चष्मेवाल्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, तोही जरा दबकतच.

"ते सगळं ठीक आहे, पोरी," नळदुरुस्तीवाला हळू आवाजात म्हणाला, "पण मग ते गाणं कुठून आलं?"

मुंगीने भिंतीवरच्या मोठ्या गेंड्याकडे बघून थोडा विचार केला.

"ज्यांनी सिनेमा केला ना," ती म्हणाली, "त्यांच्या बाबांना गाता येत असेल."

शिक्षिकाबाईंनी नुसतीच मान हलवली. मॅनेजरने खिशातून फोन काढला.

"लावू का, साहेब, दिग्दर्शकांना?"

"नको, नको," चष्मेवाला उठून म्हणाला. "पुढचा खेळ कधी आहे ते सांगा. मघाशी आम्ही नीट ऐकलंच नाही."