आत्याला विमान लागलं
सकाळी नऊ वाजून दोन मिनिटांनी घड्याळजींच्या मोबाइलवर आतेभावाचा निरोप आला. ‘आईला विमानतळावर सोडलं. विमान लागलं.’

घड्याळजी ताडकन उठले. “अगं, आत्याला विमान लागलं!”

“असं कसं? दहाला सुटणार होतं ना?” बायकोने विचारलं.

“लागलं म्हणजे उडालंच की! जमिनीवर कुणाला लागतं का? सहाशे किलोमीटर, एक तास दहा मिनिटं. दहा वाजून बारा मिनिटांनी आत्या इथे, आणि मी अजून बनियनवर!”

“अहो, आधी भावाला विचारा तरी.”

फोन लावला. पण भाऊ गाडी चालवत असावा, फोन उचलेना.

घाई करायला कारणही तसंच होतं. आई गेल्यावर आत्यानेच घड्याळजींना वाढवलं होतं. सहा वर्षांपूर्वी ती भेटायला आली, तेव्हा हे बसस्टँडवर पंचवीस मिनिटं उशिरा पोचले. तोवर आत्या आल्या पावली परत गेली होती. “गावाची घड्याळं दुरुस्त करतो आणि स्वतः मागे पडतो,” एवढं बोलून तिने जो अबोला धरला, तो आज सुटायचा होता. आजही चुकलं असतं, तर सगळंच संपलं असतं.

चहा तसाच टाकून, खिशात चार लिंबं कोंबून घड्याळजी टॅक्सीत बसले. रस्ता तुंबलेला.

“तिकडे सहाशे किलोमीटरला सत्तर मिनिटं, आणि इथे वीस किलोमीटरला तास? दाबा हो जरा!”

ड्रायव्हरने दाबलं. मग ब्रेक दाबला, मग पुन्हा दाबलं. घड्याळजी मान खाली घालून मोबाइलवर मिनिटं मोजत होते. रिकाम्या पोटी हे फार वेळ चालणार नव्हतं. विमानतळ येईपर्यंत त्यांचा चेहरा खिशातल्या लिंबांसारखा झाला होता.

दहा-दहाला ते मदतकक्षासमोर डुलत उभे राहिले. “व्हीलचेअर द्या. पेशंट येतोय. विमान लागलंय.”

तिथल्या बाईंनी खुर्ची आणली आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. “पेशंट आलाय. बसा आधी.”

“मी नाही हो, माझी आत्या...” एवढं म्हणेपर्यंत पोटात ढवळलं. घड्याळजी निमूटपणे बसले.

“आणि ते विमान आत्ता दहाला तिकडून सुटलंय. अकरा-दहाला येईल.”

अकरा वीसला आत्या टवटवीत चेहऱ्याने, बॅग ओढत बाहेर आली. समोर लिंबू चोखत खुर्चीत बसलेला भाचा.

“काट्या? काय रे झालं?” लहानपणी घड्याळाच्या काट्यासारखा एका जागी ठरत नसे, म्हणून तिने ठेवलेलं नाव. सहा वर्षांत ते कुणी उच्चारलं नव्हतं. घड्याळजींचे डोळे भरून आले.

“तुला विमान लागलं म्हणून धावत आलो.”

“मला? अरे, विमान दाराशी लागलं होतं! केव्हाचा बसलायस?”

“दहा-दहापासून.”

“एक तास आधी? तू?” आत्या इतकी हसली, की खुर्चीचाच आधार घ्यावा लागला. मग बॅग त्यांच्या मांडीवर ठेवून ती स्वतःच खुर्ची ढकलत निघाली.

दाराबाहेर तिने हात केला. गाडी समोर येऊन थांबली.

“चल काट्या, टॅक्सी लागली.”

“माहितीये गं,” घड्याळजी कण्हले, “अजून उतरली नाही.”