हवालदारमामांचा तिहेरी उपास

अहो, या असे जवळ. उंबऱ्यावर काय उभे राहता परक्यासारखे? आणि "नको काकू, घरी जेवून आलोय" हे माझ्यापाशी बोलायचं नाही, सांगून ठेवते. माणसांकडे कसं जावं, ते आमच्या हवालदारमामांकडून शिकावं. ते कायम उपाशी!

लग्न होऊन मी वाईहून सांगलीला आले, तेव्हा मामा आमच्या बोळात एकटेच राहायचे. मूळचे कुंडलकडचे, पहिल्या महायुद्धात बसऱ्याची लढाई करून आलेले पेन्शनर. बायको गेलेली, मूलबाळ नाही. नाद एकच, उपासाचा. आपले तर धरायचेच, पण लोकांचेही सोडायचे नाहीत! आमची एकादशी, समोरच्या अमिनाबींचा रोजा, शेजारच्या पद्माक्कांचं जैनांचं पर्व, मिशनच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंचा गुड फ्रायडेसुद्धा. शिरगणतीवाल्याने दारात येऊन धर्म विचारला, तर मामा त्यालाच म्हणाले, "आज वार कंचा?"

एवढे सगळे उपास कशाला, असं विचारलं की छाती काढून उत्तर यायचं, "पलटणीत कंच्या सायबाचा हुकूम, आसं बघत न्हाईत. हुकूम म्हंजे हुकूम!"

एका साली मात्र घोटाळा झाला. रमजान भाद्रपदात आला, त्यातच पद्माक्कांचं पर्व, आणि वर एकादशी. मामांनी एकाच दिवशी तिन्ही धरले. रोजा म्हणून पाण्याचा थेंबही नाही. उतरत्या उन्हात ओट्यावर बसले होते, ओठ सुकून पांढरे पडलेले. आम्हा तिघींच्या जिवाला घोर.

पद्माक्का ताट घेऊन आल्या. "दिवस मावळायच्या आत दोन घास खावा की ओ मामा. आमच्यात अंधारात खात नाहीत."

"रोजा हाय, अक्का. दिस बुडल्याबिगर कसं खाऊ?"

दिवस बुडाला, बांग झाली. अमिनाबी खजूर घेऊन धावल्या. "घ्या भाऊ. तुमच्या एकादशीलाबी चालतो."

"एकादशीला चालतो, पर आता अंधार पडला. अक्कांचं पर्व मोडंल."

मी म्हटलं, "मग उद्या सकाळी माझ्याकडे पारणं करा."

"सकाळी पुन्ना रोजा, पोरी."

"अहो, मग खाणार तरी कधी?"

मामांनी बोटं मोजली, पुन्हा मोजली. मग हळूच विचारलं, "ईद कवा हाय?"

हसायला आलं, पण तेवढ्यात ते उठायला गेले आणि भिंतीवर कलले. मग आम्ही तिघी ज्या भांडलो! "माझा उद्याचा रोजा सोडा, आजाऱ्याला माफ असतो!" "आमचं पर्वच मोडा की, मंदिरात जाऊन मी सांगते!" "माझी एकादशी मोडा, माझा विठोबा भोळा आहे!" जी ती आपल्याच देवाला पुढे करत होती.

पाणी आणायला मी त्यांच्या स्वयंपाकघरात शिरले. चुलीवर कोळ्याने जाळं विणलेलं. कोनाड्यात दोन ताटं, दोन्ही घासून लखलखीत.

मी बाहेर आले, तो मामांनी माझा चेहरा वाचला.

"एकल्यानं बसलं की घास उतरत न्हाई, पोरी. खानावळीतनं आणतो, निम्मं कुत्र्याला जातं. जेवलास का म्हणून कोण इचारतंय? पर उपास धरला की समदी इचारत्यात, कवा सोडणार?"

मग अमिनाबींनी एक खजूर उचलून त्यांच्या तोंडात घातला. "घ्या. हुकूम म्हंजे हुकूम."

मामांनी मुकाट्याने चावला. बी मात्र कितीतरी वेळ तोंडातच घोळवत बसले.

दुसऱ्या दिवसापासून मामा पाळीपाळीने तिन्ही घरी जेवू लागले. कोनाड्यातलं एक ताट माझ्याकडे आलं, दुसरं अमिनाबींकडे. पद्माक्का रुसल्या, तर त्यांना वाटी दिली.

उठलात? बरं. पण पुढच्या खेपेला उपाशी या हो. आणि फार दिवस लावू नका.