शेडबाळे मॅडमची करंगळी

शेडबाळे मॅडम दुसऱ्याचा घास गिळतात. म्हणजे समोरचा गिळायला लागला की यांचाही गळा हलतो. कोल्हापुरात दवाखान्याच्या कॅन्टीनमध्ये मी चहा पीत होतो, तर पलीकडच्या टेबलावरून बाईंची नजर माझ्या गळ्यावर.

"पावणं, मधी श्वास घ्या. चहा पळून जात न्हाय."

"गळा माझा हाय," मी म्हणालो. "तुमचं काय जातंय?"

हीच बाई माझ्या नातीच्या गळ्याची मुखत्यार निघाली.

नात फार लवकर जन्मलेली. काचेच्या पेटीत, नळीनं पोटात दूध. तोंडानं प्यायला लागल्याशिवाय घरी सोडणार नव्हते, आणि ती त्याला तयार आहे का, हे मॅडम ठरवायच्या; बाळांचं चोखणं-गिळणं तपासणं हेच त्यांचं काम. हातमोजा घातलेली करंगळी बाळाच्या तोंडात, स्टेथोस्कोप गळ्याला, डोळे मिटलेले. मी गडहिंग्लजचा बैलांचा व्यापारी, शेण काढण्यापासून वर आलेला. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवणं हे माझं काम. ही बाई माझ्या नातीशी तेच करायची आणि रोज सौदा मोडायची.

"आज न्हाय."

"का न्हाय? चोखतीय की!"

"चोखतीय. पण गिळताना श्वास चुकतोय. दूध छातीत जाईल."

"चमचाभर."

"न्हाय."

"बरं, एक थेंब. शेवटचं बोला."

"शेवटचं मी बोलत न्हाय, मामा. ती बोलती."

आमच्यात बाळाला पहिल्यांदा बोटानं मध चाटवतात. मी बायकोला मधाची बाटली घेऊन आत धाडलं. मॅडमनी तिचा हात दारातच धरला.

"ह्या बोटानं पोरगी मरंल!"

अख्खा वॉर्ड ऐकत होता. भर बाजारातही मला असं कुणी बोललेलं नाही.

पुढं नातीच्या रक्तात जंतू शिरले आणि बघता बघता ती गेली. दुधाचा त्याच्याशी संबंध नव्हता, असं डॉक्टर म्हणाले. असेल. तोंडात एक थेंब न पडता गेली, एवढंच मला कळतं, आणि ते मी अजून विसरलेलो नाही.

सुतकातच मॅडम दारात उभ्या. एसटीनं आलेल्या, हातातल्या पिशवीत कोबीचा गड्डा.

"आता काय तपासाय आलायसा?" मी ओरडलो.

"सूनबाई कुठं हाय?"

"तिचं काय?"

"बाळ गेलं म्हणून दूध थांबत न्हाय, मामा. छातीत गाठी झाल्या असतील. कुणी विचारलं का तिला?"

कुणी विचारलं नव्हतं. ती भिंतीकडं तोंड करून पडून होती, अंग तापलेलं. आम्ही म्हणत होतो, दुःखच आहे ते.

मॅडमनी आत जाऊन दार लावलं. कोबीची गार पानं छातीवर ठेवली की ठणका उतरतो, हे मला बायकोनं नंतर सांगितलं. बऱ्याच वेळानं आतून रडणं ऐकू आलं. पोरगी गेल्यापासून सून रडली नव्हती. मी उठून दाराशी गेलो, तेव्हा कळलं, आत दोघी रडत होत्या.