रांजणातले पाहुणे

"मासे मेले तर बंगल्याची राखण दुसऱ्याला देईन," असं मुंबईला निघताना बाईसाहेब बजावून गेल्या. "पाणी गार ठेवायचं, बास."

मळवलीच्या धोंडाबाईनं नाक वर केलं. "चौदा माणसांचं घर वढलं म्या. चार मासं काय जड हायेत?"

पण वैशाख लागला आणि बंगल्याच्या पडवीतली काचेची टाकी तापली. चारही सोनेरी मासे वर येऊन तोंडं वासू लागले. नवरा, नथू, लोणावळ्याहून भुशात गुंडाळून बर्फ घेऊन निघाला. मळवलीला उतरला तेव्हा काखेत नुसता ओला भुसा होता.

"आत्याबाई, मास्तरान्ला इच्यारू का?" सून शालन म्हणाली.

"मास्तरानं कदी पानी भरलंय व्हय?" धोंडाबाई दुसरीच्या पुढं शिकली नव्हती, त्यामुळे तिला कसली शंका म्हणून येत नसे. "पानी गार कोन ठेवतं? रांजन!"

झालं. बंगल्यामागच्या त्यांच्या खोलीत अर्धा जमिनीत पुरलेला घरचा रांजण होता, त्यात मासे सोडले.

"आन् आपल्या प्यायच्या पान्याचं?" शालननं विचारलं.

"त्या काचंत वत. राखंनं घास आदी. रिकामी काच उनानं तडकली तर बाईसाहेब माजं टकुरं तडकावतील."

मासे खुलले, माणसं सुकली. टाकीतलं पाणी दुपारी इतकं तापे की नथू फुंकर मारून पिई.

"ह्यात चाची पत्ती तेवढी टाक," तो म्हणाला.

"मुकाट गिळा!"

आणि एका दुपारी, ना पत्र ना निरोप, बाईसाहेब टांग्यातून उतरल्या. पडवीत नथू टाकीत तांब्या बुडवून घटाघटा पीत होता.

"नथूभाऊ! मासे कुठायत?"

नथूनं मिशा पुसल्या. "ह्यात मासं कसलं, बाईसाहेब? तळाला उलीसं पानीच ऱ्हायलंय. घेता?"

बाईसाहेबांनी जी किंकाळी फोडली, तिनं टांग्याचं घोडं बुजलं. धोंडाबाई धावत आली. राखण गेली, अब्रू गेली, नवरा जिवंत मासे गिळणारा ठरला! तिनं बाईसाहेबांचा हात धरला आणि ओढत त्यांना रांजणापाशी नेलं. आत चारही मासे मजेत शेपट्या हलवत होते.

बाईसाहेब बघतच राहिल्या. "धोंडाबाई, काय डोकं हो तुमचं! पाऊस लागेपर्यंत इथंच राहू देत."

"तर वो! म्या आदीच ठरिवलं व्हतं," धोंडाबाई फुगून म्हणाली. पावसाला अजून सव्वा महिना होता, हे तिच्या ध्यानात आलं ते बाईसाहेबांना घेऊन टांगा परत गेल्यावर.

"आत्याबाई, बाजारातनं नवा माठ आनूया?" शालननं हळूच विचारलं.

"खबरदार! लोकं म्हन्तील, धोंडाबाईची अक्कल तिच्याच नरड्याला म्हाग पडली."

तिनं टाकीतून तांब्या भरला, डोळे मिटले आणि एका दमात रिकामा केला. जीभ चांगलीच पोळली.

"गार हाय?" शालननं पदर तोंडावर धरत विचारलं.

"लय! दातान्ला कळ आली बग."