गंगाधरमामांची विचारपूस

ग्रामसभेत सगळी माणसं बोलणाऱ्याकडं बघतात. आमचे गंगाधरमामा न बोलणाऱ्याकडं बघतात. सरपंच माईकवर घसा फोडून राहिलेत, आणि हे गृहस्थ त्यांच्याकडं पाठ करून शेवटच्या रांगेतल्या एखाद्या गप्प माणसाचं तोंड न्याहाळत बसलेले. मग उठायचं, त्याच्यापुढं उकिडवं बसायचं आणि विचारायचं, "तुमचं काय म्हणणं हाय?" तो बिचारा सावलीला म्हणून आलेला असतो. त्याचं काहीच म्हणणं नसतं. पण मामा हलत नाहीत. सभा खोळंबते आणि माझं डोकं तापायला लागतं.

मी इथला ग्रामसेवक. मूळचा लातूरचा. मुदखेड तालुक्यातल्या या गावात बदलून आलो तेव्हा अर्ध्या तासात ग्रामसभा उरकणारा माणूस अशी माझी ख्याती होती. त्यातली मेख सांगतो, आता लपवून काय करायचंय. पहिल्या सभेला कोरम भरत नाही, म्हणून ती तहकूब करायची. तहकूब सभेला कोरम लागतच नाही. चार टाळकी, एकेक चहा, इतिवृत्त आदल्या दिवशीच लिहून तयार, सह्या घरोघर जाऊन. गाव खूश, मीही खूश.

यात बिब्बा घातला तो मीच. लोकसहभागाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं लातूरला. गावातून एक नाव पाठवा म्हणाले. फुरसतीचा माणूस कोण, तर गंगाधरमामा. गावचे निवृत्त कोतवाल. राहणं-जेवण फुकट आहे, जाऊन या म्हणालो. तिथं त्यांना रांगोळीनं गावाचा नकाशा काढायला शिकवलं, जमिनीवर गोल आखून त्यात चिंचोके टाकून लोकांचा कौल घ्यायला शिकवलं. मामा परत आले ते सरळ माझ्या टेबलासमोर उभे. म्हणाले, "साहेब, हयात गेली दवंडी देण्यात. लोकायला निस्तं सांगतच आलो. इचारलं कधीच न्हाई."

झालं. त्या दिवसापासून गावाच्या मागं शुक्लकाष्ठ लागलं. चहाच्या हॉटेलात गिऱ्हाइकांना विचारल्याशिवाय साखर टाकू देईनात. धर्माबादला एका लग्नात तर अंतरपाट धरलेला असताना हे पुढं झाले आणि नवरीला तिचं म्हणणं विचारलं. वऱ्हाडी अंगावर धावून आले. नवरीनं मात्र शांतपणे सांगितलं, सकाळपासून पोटात काही नाही. मामांनी तिला तिथल्या तिथं दोन पेढे खाऊ घातले आणि मगच मंगलाष्टकं पुढं सरकली. म्हशीलाही विचारून धार काढतात, असं लोक म्हणायचे. ते खरं होतं, मी बघितलंय.

एक गोष्ट तेवढी नवलाची होती. घरात मामा एक शब्द बोलायचे नाहीत. घरात त्यांची मुलगी सुमन. वय पस्तिशीचं, नवरा वारला तसं माहेरी येऊन राहिलेली, ब्लाउज शिवून आपलं भागवणारी. ती ताट वाढून ठेवायची, हे जेवायचे. मी दोन-तीनदा त्यांच्याकडं चहा प्यालो. कपबशीचा काय तो आवाज. असेल काही, म्हणून मी नाक खुपसलं नाही.

मग बसचा विषय निघाला. गावातून मुदखेडला जायला नवी एसटी मिळणार होती, पण फेरी एकच. वेळ गावानं ठरवायची आणि ठराव पाठवायचा. गावात फुलशेती मोठी. सरपंचांसह सगळ्या झेंडूवाल्यांना गाडी पहाटे सहाला हवी होती. गावची शाळा सातवीपर्यंत, पुढं मुदखेडला जावं लागतं. त्या वर्षी आठ पोरी सातवी पास झाल्या होत्या. गाडी दहाची झाली तर त्या शिकणार, नाहीतर घरी बसणार. एवढं सरळ होतं ते. मी मात्र 'सहाची गाडी, सर्वानुमते' असं इतिवृत्तात लिहून मोकळा झालो होतो.

सभेच्या दिवशी मामांनी पंचायतीसमोर खडूनं दोन गोल काढले, एक सहाचा, एक दहाचा. आणि घरोघर फिरून बाया आणल्या, त्या आठ पोरीही आणल्या. माझ्या नोकरीत कोरम भरलेला मी पहिल्यांदाच बघत होतो. पोरींची नावं मतदार यादीत नाहीत, त्यांना चिंचोका देता येणार नाही, असा मी कायदा काढला. मामा म्हणाले, मतदान न्हाई साहेब, इचारपूस हाय. यावर कुठलं कलम लावावं ते मला सुचेना.

मामा हातात चिंचोके घेऊन एकेकापुढं बसत गेले. दोन तास. आधी बाया पदराआड हसत होत्या, मग बोलायला लागल्या. एका म्हातारीनं आपल्या मुलाच्या तोंडावर सांगितलं की फुलं टेम्पोनंही जातात, नात टेम्पोनं जाणार नाही. दहाचा गोल भरत चालला. सरपंचांचा चेहरा उतरला, पण ते गडी सरळ, आडवे आले नाहीत.

शेवटी भिंतीला टेकून सुमन बसली होती. मामा तिच्याजवळून वळले आणि माझ्याकडं येऊन म्हणाले, झालं साहेब, मोजा.

मला वाटलं नजरचुकीनं राहिलं. मी आपला मोठ्यानं म्हणालो, "मामा, सुमनताई राहिल्या की."

मामांनी उरलेला चिंचोका माझ्या हातात ठेवला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "तुमी इचारा. माझं तोंड न्हाई."

मी चिंचोका घेऊन गेलो. सुमननं हात पुढं केला नाही. म्हणाली, "बाबानं इचारलं तर सांगते."

सगळ्यांच्या माना मामांकडं वळल्या. असं का ते गावाला माहीत होतं, एकट्या मलाच माहीत नव्हतं. सातवीला ती पहिली आली होती. बस नव्हती, आणि मामांनी तिचं दप्तर माळ्यावर टाकलं. साल-दोन सालात लग्न लावून दिलं. गावभर दवंडी देणाऱ्या माणसानं लग्न ठरल्याचं पोरीला साधं सांगितलंसुद्धा नव्हतं. तिला शेजारणीकडून कळलं.

मामा आले. तिच्यापुढं उकिडवं बसताना त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही, पण ओठ हलले एवढं दिसलं. 

"मला शिकायचं होतं, बाबा," ती म्हणाली. मग चिंचोका घेतला आणि उठून दहाच्या गोलात टाकला.

मी आदल्या दिवशी लिहिलेलं पान सगळ्यांसमोर रेघ मारून खोडलं. लाज वाटली, खोटं कशाला बोलू.

गाडी दहाची सुरू झाली. आठच्या आठ पोरी जायला लागल्या. आणि एका सोमवारी मामा कार्यालयात आले. बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म कुठं मिळतो, पस्तिशीच्या बाईला चालतो का, असं हळू आवाजात विचारायला लागले.  चालतो म्हणालो. सातवीनंतर शाळा सुटली तरी भरता येईल का ते मी स्वतः मुदखेडच्या शाळेत जाऊन बघतो, तुम्ही उद्या सुमनताईंचा फोटो आणि सही आणा, नाव तेवढं मी आजच लिहून ठेवतो.

मामांनी माझ्या हातातलं पेन धरलं.

"घाई नगं, साहेब. म्या तिला इचारलंय. बघू म्हणाली."

"मग?"

"मग काय. तिचं ठरेस्तोवर थांबायचं."

आणि ते बाकड्यावर टेकले. मी चहा सांगितला.