रिकामा चौकोन धरून सत्तेचाळीस

महिन्याचा पहिला रविवार, सकाळचे साडेनऊ. रक्कम दोनशे पंच्याऐंशी रुपये. हजर तिघे : मी, वरच्या मजल्यावरचे धकातेजी, आणि माझ्या दारात उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नी सुशीलावहिनी. रक्कम धकातेजींनी त्या दिवशी न जेवलेल्या दोन जेवणांची.

हे नीट सांगायला हवं. धकातेजी मॉर्मन आहेत. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत तरी ते एकटेच. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांचा उपवास असतो. आपला भगर, साबुदाणा आणि शेंगदाण्याची आमटी असा उपवास नव्हे. दोन वेळचं जेवण बंद, पाणीसुद्धा बंद. आणि त्या जेवणांचे वाचलेले पैसे गरजूंना द्यायचे. बाकीचे मॉर्मन अंदाजाने देत असतील. धकातेजींनी तीस वर्षं वजनकाटे दुरुस्त केले आहेत, अंदाज हा शब्द त्यांना शिवीसारखा लागतो. मी एका कार्यालयाच्या लेखा विभागात आहे आणि आमच्या बारा घरांच्या इमारतीचा खजिनदारही. त्यामुळे दर पहिल्या रविवारी ते कागद घेऊन खाली येतात.

"बक्षीजी, तपासून द्या बरं."

आता जे जेवण झालंच नाही, त्याची किंमत कशी काढायची? वरण-भात धरला तर दोन्ही वेळचे मिळून ऐंशी होतात. पण काय धरायचं हे वहिनी ठरवतात.

"आज तर मी मटण करणार होतो, भाऊजी," वहिनी दारातूनच म्हणाल्या. "सावजी. काळ्या मसाल्याचं."

"कधी ठरलं होतं?" धकातेजी.

"मनात ठरलं होतं."

"मले नाही सांगतलं."

"सांगतलं असतं तर तुम्ही उपवास केला असता का?"

मनातलं मटण कागदावर आलं. दोनशे ग्रॅमचे एकशे अडुसष्ट, तेल-मसाल्याचे चाळीस, भाकरीचे बारा, संध्याकाळच्या साध्या जेवणाचे पासष्ट. बेरीज बरोबर होती. गेल्या सहा वर्षांत बहात्तर पहिले रविवार आले. त्यांतल्या एकाही रविवारी त्या घरात भेंडी ठरलेली नव्हती.

वहिनी स्वतः मॉर्मन नाहीत. त्यांच्याकडे गणपती बसतो, महालक्ष्म्या बसतात, आणि चहा दिवसातून चारदा होतो. दोन त्यांच्या वाट्याचे, दोन नवऱ्याच्या. नवरा चहा सोडून बसला म्हणून घरातला चहा कमी का करायचा, असं त्यांचं म्हणणं. धकातेजी नोकरीसाठी हैदराबादला होते, तिथे बारा वर्षांपूर्वी त्यांनी हा धर्म घेतला. नागपूरला परतल्यावर रविवारी मोबाइल भिंतीला टेकवून ते हैदराबादच्या मंडळींसोबत प्रार्थना म्हणतात. नेटवर्क मागे पडतं, त्यामुळे तिकडच्यांचं कडवं संपलं तरी यांच्या दोन ओळी उरतात. त्या ते एकटेच म्हणतात, खणखणीत.

लोक प्रश्न विचारतात. सगळे तेच ते विचारतात. चौथ्या वर्षी धकातेजींनी प्रश्नांना नंबर दिले.

"काहो धकातेजी, तुमच्यात किती बायका करता येतात?"

"नंबर एक," ते म्हणतात. "एक. जास्ती करण्याची चाल शंभर वर्षांच्या वर झाली बंद होऊन. आता केल्या तर मंडळीतून काढतेत."

यावर वहिनी वरून म्हणणार, "एक हाय, तिचंच ऐकत नाहीत." ही पुरवणी इतकी ठरलेली आहे की ती आली नाही तर विचारणारा वर बघतो.

नंबर दोन म्हणजे पैसे. ख्रिस्ती झाला म्हणजे अमेरिकेतून किती मिळाले? आमच्या इमारतीत पाच लाखांपासून फ्लॅटपर्यंतचे आकडे ऐकू येत. मी दोन वर्षं त्यांचं आयकराचं विवरण भरून दिलं, तेव्हा मला कळलं. मिळत काही नाही. उलट कमाईतला दहावा हिस्सा हा माणूस मंडळीला, म्हणजे आपल्या चर्चला देतो, आणि उपवासाचं मटण वेगळं. आकडा लोकांनी बरोबर ऐकला असेल, चिन्ह तेवढं उलटं लावलं.

नंबर चार माझ्या ऑफिसातल्या एका ख्रिस्ती मित्रामुळे वाढला. तो म्हणाला, हे लोक ख्रिस्ती नव्हेतच. मी ते वर जाऊन सांगितलं. धकातेजी बराच वेळ हसले. "म्हणजे हिंदू म्हणतेत मी ख्रिस्ती झालो, ख्रिस्ती म्हणतेत मी झालोच नाही. मले विचारा ना गा कोणी. मी येशूलेच मानतो." मॉर्मन हे नावही टोपणनाव, असं ते म्हणतात. मॉर्मन म्हणजे त्यांच्या एका ग्रंथातला जुना माणूस. आपल्या खऱ्या पंथाचं नाव इतकं लांब आहे की रेशनकार्डावर मावणार नाही, म्हणून ते गल्लीपुरतं मॉर्मन चालवून घेतात.

नंबर सहा, सांगायला लाज वाटते, माझा आहे. मी एकदा विचारलं होतं की तुम्हांला वीज चालते का. कुठेतरी वाचलं होतं, असे लोक घोडागाडीतून फिरतात. धकातेजींनी पंख्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "थे दुसरे. आणि रक्त चढवून घेत नाहीत, थे तिसरे. आमच्यात पंखाही चालते, डॉक्टरही चालते, बक्षीजी. फक्त चहा-कॉफी, दारू, तंबाखू नाही." तेव्हापासून कोणी सहा नंबर विचारला की ते माझ्या दाराकडे बोट करतात.

पण नंबर सातला ते हसत नाहीत. सात म्हणजे मेलेली माणसं. हे लोक आपल्या पूर्वजांची नावं शोधून काढतात, आणि त्या नावाने एखादा जिवंत माणूस त्यांच्या देवळात पाण्यात उतरून दीक्षा घेतो. गल्लीत याचं झालं, "मढी उकरून बाटवतात." धकातेजींच्या घरी भिंतभर तक्ता आहे, वंशावळीचा. शाळेचे दाखले, खरेदीखतं, लग्नपत्रिका, उमरेडच्या एका म्हाताऱ्या विणकराची वही, असं जमवत त्यांनी एकेक चौकोन भरला. एरवी त्यांना हसणारी मंडळी जात पडताळणीसाठी पणजोबाचा दाखला हवा झाला की गुपचूप वर चढतात. कोणत्या शाळेचं जुनं दाखल-खारीज रजिस्टर कुठल्या कपाटात आहे, ते धकातेजींना पाठ आहे.

तर त्या रविवारी दोनशे पंच्याऐंशीवर मी टिक केली, आणि त्यांनी तक्त्याची नक्कल पुढे केली. "हेही तपासून द्या. सत्तेचाळीस जण झाले."

मी मोजले. सेहेचाळीस. पुन्हा मोजले. सेहेचाळीस.

"एक कमी आहे, धकातेजी."

"नाही. नीट पाहा."

मग दिसलं. सात पिढ्यांपर्यंत नावं होती, आणि त्यांच्या स्वतःच्या चौकोनाला लागून वरचा चौकोन रिकामा होता. आईचा.

"हा रिकामा आहे. हा धरता येणार नाही."

"काहून? नाव माहीत नाही म्हणून बाई नव्हती का?"

लेखा विभागात माझी सत्तावीस वर्षं गेली आहेत. मी पेन खाली ठेवलं.

मग त्यांनी सांगितलं. ते सव्वा वर्षाचे असताना आई गेली. वडिलांनी सहा महिन्यांत दुसरं लग्न केलं. त्यांच्या घरात सुनेचं नाव बदलायची रीत, पहिलीचं पार्वती ठेवलं होतं. दुसरी आली, तिचंही पार्वतीच ठेवलं. कागदोपत्री दोघी मिळून एकच बाई झाली. दोन व्यवहार एकाच खात्यात टाकल्यासारखं.

"कधी विचारलं नाही?"

"नवी आई चांगली होती, भाऊ. लई चांगली. मी पह्यलीचं नाव विचारलं असतं तर तिले काय वाटलं असतं? ती परसाली गेली. आता विचारता येते, तर सांगणारं एकच माणूस उरलं."

ते माणूस म्हणजे खाप्याची आत्या, वडिलांची धाकटी बहीण. वय पंच्याऐंशीच्या पुढे. आणि तिने बारा वर्षांपूर्वी निरोप पाठवला होता : धर्म सोडणाऱ्याने माझ्या दारात येऊ नये.

दोन आठवड्यांनी, शनिवारी, आम्ही खाप्याच्या बसमध्ये बसलो. मला का नेलं विचारलं तर म्हणाले, काट्यावर शिक्का मारताना दुसरा माणूस लागतो. पिशवीत आत्यासाठी लुगडं होतं, ते त्यांनी सावनेरपर्यंत चारदा बाहेर काढून आत ठेवलं.

आत्या ओट्यावर बसली होती. नजर कमी, आवाज शाबूत.

"कोण होय गा?"

"मी, आत्या. वासुदेव."

आत्याने मान वर केली. मग आत वळून सुनेला म्हणाली, "चहा मांड वं. दोन कप." आणि भाच्याला, "बस. काहून आला?"

धकातेजींनी सांगितलं. आईचं माहेरचं नाव पाहिजे.

"मले ठाव हाय तुमचं," आत्या म्हणाली. "नाव नेता, आणि मेलेल्या बायांशी लगीन लावता. तुमच्यात लई बायका लागतेत म्हणे."

एक आणि सात नंबर एकत्र झालेले मी प्रथमच ऐकत होतो. मला वाटलं आता ते नंबर सांगतील. त्यांनी सांगितला नाही.

"तसं नाही, आत्या. तिच्या नावानं एखादी बाई पाण्यात उतरते. इतकंच. आणि तिकडं तिची मर्जी. तिनं नाही म्हटलं तर नाही."

"तिले पुसतेत?"

"पुसतेत."

चहा आला. आत्याने कप हातानेच चाचपून धकातेजींपुढे सरकवला. "पे. मंग सांगतो."

मी धकातेजींकडे पाहिलं. एक कप चहा. आयकर विवरणात याला किरकोळ म्हणतात. मला खरंच वाटलं की माणसाने प्यावा, नाव घ्यावं आणि साडेचारची बस धरावी. त्यांनी कप उचलला. ओठांपाशी नेला. मग कप खाली ठेवला.

"नाही पीत, आत्या. सोडला तो सोडला. तू नाव नाही सांगतलं तरी बसतो इथंच थोडा वेळ."

आणि ते बसले. मी माझा चहा प्यालो, कारण मधे काहीतरी करायला हवं होतं. सात-आठ मिनिटं गेली असतील. मग म्हातारी उठली, भिंत धरत आत गेली. बाहेर आली ती पितळी गिलास घेऊन, पदराने धरलेला.

"हे पे. गवती चहा हाय, आलं आन् गूळ. पत्ती नाही घातली. रंग कायले पाहतं? गुळाचा हाय."

ते प्याले. संपेपर्यंत ती समोर उभी होती.

"तुह्या बापानं तिले कधी काही पुसलं नाही," आत्या म्हणाली. "लगीन ठरवतानी नाही, नाव बदलतानी नाही. तिथं तरी पुसतेत म्हणतं, तर लिही. गुंफा. गुंफा तिचं नाव. अंबाडीची भाजी आन् ज्वारीच्या कण्या करे तर आम्ही ननंदा हात चाटत राहो."

धकातेजींनी खिशातून पेन काढलं. टोपण निघेना. मी काढून दिलं.

"आन् माह्यं काय लिहिलं?" आत्याने विचारलं.

"जानकी."

"थे सासरचं. मी ठकू. सत्तर वर्षांत कोणी हाक नाही मारली. लिही. पण सांगून ठेवतो, मले पुसलं तर मी नाही म्हणीन."

"चालते, आत्या."

"आन् येत जाय."

परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले होते. सावनेर गेल्यावर म्हणाले, "बक्षीजी, आता सत्तेचाळीस ना?"

"सत्तेचाळीस," मी म्हणालो. "तेव्हाही सत्तेचाळीसच होते. मोजणी माझी चुकली."

पुढच्या महिन्याचा पहिला रविवार, सकाळचे साडेनऊ. हजर तेच तिघे. धकातेजींनी कागद पुढे केला, आणि सवयीने दाराकडे पाहिलं.

"आज काय ठरलं होतं?"

"अंबाडीची भाजी आन् कण्या," वहिनी म्हणाल्या.

मी हिशेब मांडला. अंबाडी काही मटण नव्हे. एका जेवणाचे अडतीस, दोहोंचे शहात्तर. कागद परत देणार, तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, चार धरा. मीही नाही जेवून राहिलो आज. चहाही नाही घेतला." आणि धकातेजींनी पाहिलं तसं, "असं काय पाहता? मी काही तुमच्या धर्मात नाही आलो. माह्यी सासू होय ती."

चार जेवणांचे एकशे बावन्न रुपये. त्याच सकाळी हैदराबादच्या मंडळीच्या उपवासाच्या दानात, गरजूंसाठी जमा केले. पाठवणाऱ्याच्या रकान्यात धकातेजींनी स्वतःचं सोडून दोन नावं लिहिली, सुशीला आणि गुंफा. मी तपासलं. बरोबर होतं.