कोऱ्या भिंतींचे नाना

भुसावळला आमच्या गल्लीच्या तोंडाशी मारुतीचं छोटं देऊळ आहे. त्याच्यासमोर पायात काटा रुतला, तर तुम्ही-आम्ही तिथंच वाकून काढू. सायमननाना तसेच लंगडत पुढे जातात, देवळाकडे पाठ करतात आणि मग वाकतात. एकदा भाजीवाल्या आबांनी हाक मारली, "काय व्हयनं नाना? काटा रुतना का?"

"रुतलाय."

"मंग काढा ना!"

"इथं वाकलो तर मारुतीला वाटेल, मी पाया पडलो. उगाच त्याचा गैरसमज कशाला?"

नाना बेने इस्राएली, म्हणजे आपल्याकडचे ज्यू. मूळचे कोकणातले. रेल्वेत विजेच्या कामावर लागले, निवृत्त झाले आणि इथलेच झाले. देवाची मूर्ती करायची नाही आणि कुठल्याही मूर्तीपुढे वाकायचं नाही, ही त्यांच्या धर्मातली मोठी आज्ञा. वाकल्याचा नुसता भाससुद्धा होऊ देऊ नये, असं जुने धर्मपंडित सांगून गेलेत. बाकीच्यांनी ते ऐकून सोडून दिलं असावं. नानांनी मनावर घेतलं.

आणि तिथंच थांबले नाहीत. त्यांना माणसांचे फोटोही भिंतीवर चालत नाहीत. त्यांच्या ठाण्याच्या बहिणीकडे भिंतभर फोटो आहेत, शिवाय एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याचं रथात बसलेलं रंगीत चित्रही आहे. ती एकदा मला म्हणाली, "आमच्या धर्मात फोटो चालतो. सायमनच्यात चालत नाही."

नानांच्या दाराच्या चौकटीवर धर्मवचन ठेवलेली एक छोटी डबी ठोकलेली आहे. आत शिरलं की चारही भिंती कोऱ्या. दिवाळीत किराणावाला लक्ष्मीचं कॅलेंडर देतो. नाना तारखा ठेवून घेतात, वरचं चित्र कात्रीने नीट कापतात आणि माझ्या आईला आणून देतात. "अक्का, तुमच्या लक्ष्मीबाई. चुकून आमच्याकडे आल्या होत्या." आईच्या देवघरातले निम्मे देव नानांकडून आलेले आहेत.

गणेश मंडळाची रोषणाई मात्र नानांशिवाय होत नाही. वायरी ओढतात, माळा तपासतात, पोरांवर खेकसतात. फक्त आरती सुरू झाली की दरवर्षी जनरेटरला काहीतरी होतं आणि नानांना मांडवामागे जावं लागतं. आरती संपली की जनरेटर आपोआप बरा होतो.

त्यांच्याशी वाद घालायचं धाडस फक्त एस्तरकाकूंचं, त्यांच्या बायकोचं. "निदान लग्नाचा तरी फोटो लावा हो," त्या म्हणायच्या.

"तू समोर आहेस की. फोटो कशाला?"

गेल्या उन्हाळ्यात काकू गेल्या. दुपारी जरा आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. त्यानंतर नानांच्या घरात जाऊन बसणं आम्हाला जड जाऊ लागलं. माझ्या बायकोला आमच्या मुलीच्या लग्नातला एक फोटो सापडला. वरण-बट्टीचं ताट हातात घेऊन काकू खळखळून हसताहेत. आम्ही तो मोठा करून चौकटीत बसवला आणि नानांकडे नेला. चंदनाचा हार घालायचा बेत मी कसाबसा हाणून पाडला होता.

नानांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं. मग फोटो माझ्या हातात परत दिला.

"नको."

"नाना, फोटो आहे. मूर्ती थोडीच आहे?"

"मारुतीची मला भीती नाही रे. तो माझा कोण? हिच्यापुढे मी रोज उभा राहीन. आधी नुसता बघेन. मग बोलेन. मग एक दिवस काहीतरी मागेन. मागितलं की संपलं."

"मग काय करू याचं?"

"तुझ्या घरी लाव. तुला चालतं."

फोटो आमच्या बैठकीत लागला. तेव्हापासून नाना संध्याकाळी आमच्याकडे चहाला येतात. समोरच्याच खुर्चीत बसतात, पेपर उघडतात आणि पान उलटायचं विसरतात.

परवा आईने पूजा करता करता, हाताच्या सवयीने, एक शेवंती त्या चौकटीत खोचली. आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही. नानांच्या आलं.

"अक्का, ते फूल काढा."

आई अमळनेरकडची. ती मागे हटणारी नव्हे. "नाना, फूल शे ते. पूजा नही शे."

"कळतं मला. तरी काढा."

आईने फूल काढलं. माझी बायको चहाचा कप हातात धरून दारातच उभी राहिली. आता हे उठून जाणार, असं मला वाटलं.

नाना खुर्चीतच होते.

"तिला शेवंतीचा वास सोसायचा नाही," ते म्हणाले. "डोकं दुखायचं." मग पेपरची घडी घातली. "मोगऱ्याचे दिवस आले की मी आणीन. फोटोला घालायला नाही हं अक्का. खाली टेबलावर, वाटीत ठेवू."